डाव्या बाजूचे नट

मिलिटरीची गाडी कधी बंद पडत नाही, असं म्हणणारा माणूस भेटला की मला वाटतं, याला मे महिन्यात तिच्याखाली उताणं झोपवावं आणि जुनं काळं ऑइल थेंब थेंब कपाळावर पडू द्यावं. माझं निम्मं आयुष्य त्या गाड्यांच्या पोटाखाली गेलं आणि त्यातला बराचसा वेळ मी शिव्या देत होतो. गाडीला, ती बनवणाऱ्याला, ती लिलावात विकणाऱ्याला आणि ती विकत घेणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला. दादा ऐकून घ्यायचा. गाडीखाली गेला की त्याला बोलायचं सुचतच नसे. फक्त हात बाहेर यायचा. त्या हातात कोणता पाना द्यायचा हे मला कळलं नाही, तर मग मात्र त्याचं तोंड सुटायचं.

आमचं गॅरेज म्हसावदच्या बाहेर, धडगावच्या रस्त्याला आहे. घर गॅरेजच्या मागेच. शेती कळसाडीला, पण ती आम्ही दोघांनीही कधी मनावर घेतली नाही. ऊस आणि कापूस आपल्यावाचून छान वाढतात, असं दादा म्हणायचा. तरुणपणी तो नंदुरबारला एका मिस्तरीच्या हाताखाली काम शिकला आणि मग नाशिककडच्या कुठल्याशा लिलावातून लष्कराने मोडीत काढलेली गाडी घेऊन आला. हिरवी, ताडपत्रीची, मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही जोर असलेली. गावात तिला कोणी ट्रक म्हटलं नाही. सगळे मिलटरीच म्हणत.

पावसाळा उशिरापर्यंत रेंगाळला की तापीकाठच्या काळ्या मातीत उसाने भरलेल्या गाड्या आसापर्यंत रुतायच्या. मग आम्हाला बोलावणं यायचं. मिलटरी शेताच्या बांधावर उभी करायची, तिच्या नाकावरच्या चरख्याचा तारेचा दोर सोडायचा आणि फसलेली गाडी हळूहळू ओढून काढायची. इतर दिवसांत ती सातपुड्यात जायची. जिथे रस्ता संपला असं बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, तिथून आमचं भाडं सुरू व्हायचं. सिमेंट, ज्वारी, पत्रे, माणसं, शेळ्या. केबिनच्या छताला एक गोल झाकण होतं, लढाईत त्यातून बंदूकवाला शिपाई उभा राहत असणार. डोंगरातल्या लग्नांत त्यातून नवरदेव उभा राहायचा. कमरेपासून वर नवरदेव, खाली गाडी. एकदा एका नवरदेवाला पोटामुळे त्यातून परत खाली येता येईना, आणि वरात मुलीच्या पाड्यावर तासभर नुसती उभी. दादाने शेवटी झाकणाच्या कडेला ग्रीस लावलं. दादा कितीही चिडलेला असो, ही गोष्ट काढली की हसायचा.

एक काळ असा होता की जिल्ह्यातल्या सगळ्या मिलटऱ्या आमच्या अंगणात येत. खांडबाऱ्याच्या लाकूडवाल्याची, शहाद्याच्या बोअरवाल्याची, वर धडगावकडच्या ठेकेदारांच्या. बाजाराच्या दिवशी तर रांग लागायची, आणि मी रांगेतल्या प्रत्येकाशी भांडून घ्यायचो. मग डोंगरात डांबर चढलं. फसलेली गाडी काढायला जेसीबी आले. जुन्या गाड्यांना पासिंग मिळेना, सुटे भाग मिळेनात. मालकांनी एकेक करून गाड्या भंगारात घातल्या. शेवटी आमच्याच दोन उरल्या. एक चालती आणि एक मागाहून सुट्या भागांसाठी घेतलेली, पिंपळाखाली उभी, जिच्या अंगावरून काढून काढून आम्ही चालतीला घालायचो. मी ट्रॅक्टर दुरुस्त करू लागलो. घर त्यावर चालतं. दादाने ट्रॅक्टरला कधी हात लावला नाही. ते मला त्याच्या तोऱ्याचं लक्षण वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचो.

काम करायची त्याची एक रीत होती. कुठलाही भाग खोलला की तो जमिनीवर पोतं अंथरायचा आणि निघेल त्या क्रमाने एकेक वस्तू डावीकडून उजवीकडे मांडत जायचा. वायसर, नट, स्प्रिंग, दाते, सगळं. जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं. ते पोतं कोणी ओलांडायचं नाही. मालक असो, पोलीस असो, त्याने वळसा घालून जायचं. आमच्या आईने एकदा घाईत ओलांडलं तर त्याने तिलाही परत पाठवून वळसा घालायला लावला होता. काही लिहून ठेवायची, खूण करायची त्याला गरजच नव्हती. सगळं त्या पोत्यावर आणि त्याच्या डोक्यात असायचं.

त्या डोक्याचं काहीतरी बिनसतंय हे पहिल्यांदा वहिनीला कळलं. एका दुपारी ती मला गॅरेजच्या मागच्या दारात उभी राहून हळूच म्हणाली, "आज ह्यासनी माले दोन येळा ईचारं, आंडेर शाळामाईन कव्हय येई म्हनीसन." मुलगी सुरतेला सासरी आहे, तिची स्वतःची मुलगी शाळेत जाते. मी म्हटलं, वय झालं वहिनी, मीही कालचं विसरतो. तिने मान हलवली आणि आत निघून गेली. मग चहा घेतल्यावर लगेच चहा मागणं सुरू झालं. घरापासून बाजारापर्यंत जाऊन तो उलट्या दिशेने निघाला आणि ओळखीच्या भाजीवालीने त्याला हाताला धरून आणून सोडलं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. मेंदू आटत चाललाय, म्हणाले. औषधाने फार होणार नाही. मी बाहेर येऊन वहिनीला पाणी आणून देतो म्हणून गेलो आणि जिन्याखाली उभा राहून रडलो. परत आलो तेव्हा पाणी आणायचं विसरलो होतो.

निघताना डॉक्टर म्हणाले होते, त्यांना सवयीचं काम करू द्या, हात शेवटपर्यंत विसरत नाहीत. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. चालती मिलटरी तेव्हा चालतीही राहिली नव्हती. पंप थकला होता, गिअर पडत नव्हते, पुढच्या चाकांचा जोर गेला होता. भंगारवाल्याशी माझं जवळजवळ ठरलंच होतं. घरी आलो आणि त्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला म्हटलं, "दादा, गाडी उभी करनी शे. सुरू करूत."

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "तुले कसाले पाह्यजे मिलटरी? तू तं ट्रॅक्टरवाला शे."

इतका टोमणा मारण्याएवढा तो शाबूत होता. मला बरं वाटलं.

त्या हिवाळ्यात आम्ही जसं काम केलं तसं तरुणपणीही केलं नसेल. ट्रॅक्टरवाले येऊन खोळंबून परत जायचे. दादाला सकाळी मला नावाने हाक मारायला जड जायचं, पण गिअरबॉक्स खाली उतरवला की त्याचे हात असे चालायचे की मी पाहत राहायचो. पोतं अंथरलं, मांडलं, पुसलं, घासलं, उजवीकडून डावीकडे जोडत आला. कुठे काही चुकलं नाही. दाते झिजलेले होते म्हणून पिंपळाखालच्या गाडीचा गिअरबॉक्स काढला, आणि दोन्हींतलं चांगलं एकात घातलं. बसवताना मला त्याच्या शिव्या खाव्या लागल्या. आज सांगतो, त्या शिव्यांनी मला जितका आनंद दिला तितका कशानेच दिला नव्हता. वहिनीने त्या महिन्यांत पुन्हा हसायला सुरुवात केली होती. संध्याकाळी ती दारात येऊन विचारायची, आज किती झाली गाडी? आणि दादा नीट उत्तर द्यायचा.

आमचा जुना ड्रायव्हर धडगावच्या वरचा, पावरा आदिवासी. भाषा त्याची घरी वेगळी, पण आमच्याशी इतकी वर्षं अहिराणी बोलून त्याचे शब्द आमच्यापेक्षा अहिराणी झालेले. आता तो मुलांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातो. दिवाळीनंतर जाताना गॅरेजवर आला, गाडीभोवती फिरला, आणि म्हणाला, "दादा, होळीले मी येस. तव्हय गाडी उभी ऱ्हाई का?"

"उभी नही," दादा म्हणाला, "पयती ऱ्हाई." पळती.

ड्रायव्हरने चाकाला हात लावून नमस्कार केला. होळीला डोंगरातली सगळी माणसं जिथे कुठे गेलेली असतात तिथून परत येतात. त्यांना वर घेऊन जायला मिलटरी पाहिजे, असं त्या दिवशी आम्ही तिघांनीही मनोमन ठरवलं. खरं तर वरपर्यंत जीपा जातात. कोणालाही मिलटरीची गरज नव्हती. गरज मला होती. गाडी उभी राहिली, तर दादा अजून आहे, एवढा साधा हिशेब मी मांडून बसलो होतो.

इंजिन सुरू झालं ते माघात. पहिल्यांदा पांढरा धूर, मग काळा, मग सगळं अंगण हादरायला लागलं आणि पत्र्यावरची कबुतरं उडाली. दादा बोनेटला कान लावून उभा राहिला. डोळे मिटलेले. मी काहीतरी ओरडत होतो, त्याने हात वर करून मला गप्प केलं. मग डोळे उघडून म्हणाला, "तिसरं सिलिंडर लंगडी ऱ्हायनं." आणि ते लंगडतच होतं. मी त्याला मिठी मारली. त्याने मला ढकलून दिलं, कारण माझे हात ऑइलचे होते आणि त्याचा सदरा धुतलेला.

राहिली होती चाकं. हब खोलायचे, ग्रीस बदलायचं, ब्रेकचे पट्टे पाहायचे. सोपं काम. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मिलटरीवाल्यांनाच माहीत असते. आमच्या त्या गाड्यांच्या उजव्या चाकांचे नट सगळ्या जगाच्या नटांसारखे, पण डाव्या चाकांचे आटे उलटे. चाक फिरता फिरता नट सैल होऊ नये म्हणून बनवणाऱ्याने केलेली ती युक्ती. डावीकडचा नट सोडायचा तर जगात आपण जो घट्ट करायला फिरवतो तसा फिरवायचा. नवा माणूस आला की तो हटकून चुकायचा. नट निघत नाही म्हणून पान्यात लांब पाइप घालायचा, पाइपावर उभा राहायचा, आणि बोल्ट तटकन तुटायचा. तसा बोल्ट परत मिळत नाही. म्हणून आमच्याकडे कामाला आलेल्या प्रत्येकाच्या कानात दादाने पहिल्या दिवशी ओरडून ओरडून एकच गोष्ट भरली, "डावं उलटं!" मला तर त्याने या एका गोष्टीवरून भर बाजारात थोबाडीत मारली होती. मी तेव्हा मिशा ठेवायला लागलो होतो, त्यामुळे ती जास्त लागली.

त्या दिवशी मी पुढच्या बाजूला एका ट्रॅक्टरवाल्याला सांगत होतो की उद्या ये. मागून तटकन आवाज आला. मला वाटलं, काहीतरी पडलं. मग पुन्हा आला. मी धावत गेलो तर दादा मागच्या डाव्या चाकापाशी, पान्यात लांब पाइप घातलेला, आणि दोन्ही हातांनी सगळा जोर लावून ओढतोय. दोन बोल्ट मुळातून गेले होते. नट त्यांच्या तुकड्यांसकट निघून आले होते. त्याने ते पोत्यावर नीट मांडले होते, डावीकडे पहिला, मग दुसरा. आणि आता तो तिसऱ्यावर होता.

"दादा!" मी ओरडलो.

तो थांबला. घामाने भिजला होता. माझ्याकडे रागाने पाहून म्हणाला, "कोनी बसाडात ह्या नट?"

तेव्हा माझा राग असा वर चढला की काही विचारू नका. चाळीसेक वर्षांचा तो राग होता. भर बाजारातल्या त्या चपराकीसकट. मी तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा दिसला. तो खरंच विचारत होता. कोणीतरी नट चुकीचे बसवले आहेत आणि ते कोणी बसवले हे त्याला कळत नव्हतं.

"मी बसाडात," मी म्हटलं.

"गाढवा!" तो ओरडला. "डावं उलटं ऱ्हास! कितला येळा सांगू तुले? डावं उलटं!" आणि मला बाजूला सारून, शिकवावं तसं म्हणाला, "देख. आसं फिराव." आणि डावं उलटं म्हणत म्हणत त्याने पाइप परत त्याच चुकीच्या बाजूला ओढला. तिसरा बोल्ट तुटला.

मी पाहत उभा राहिलो. त्याच्या तोंडाला सगळं आठवत होतं. शब्द न् शब्द. हात मात्र गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, हात शेवटपर्यंत विसरत नाहीत. म्हणजे हे शेवटचं होतं की काय, ते मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. वहिनी स्वयंपाकघरातून आवाज ऐकून आली. तिला बोल्ट-नटांतलं काही कळत नाही, पण माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं. ती वळसा घालून त्याच्यापर्यंत गेली, पदराने त्याचं कपाळ पुसलं आणि जेवायला चला म्हणाली. पोत्याच्या कडेकडेने चालत तो तिच्यामागे गेला. तेवढं अजून होतं.

शहाद्याच्या लेथवाल्याने उलट्या आट्यांचे बोल्ट कातून दिले. मी ते दादाच्या नकळत बसवले. अजूनही मला आशा होती, आशेला अक्कल नसते. पण त्यानंतर जे सुरू झालं ते थांबलं नाही. तो सकाळी काही जोडायचा, दुपारी जेवून झोपला की मी ते तपासायला जायचो आणि परत खोलायचो. ब्रेकचे पट्टे उलटे. ऑइलच्या जागी पाणी. बेअरिंग बसवलं पण त्याच्या मागचं वायसर पोत्यावरच. मी सगळं नीट करून ठेवायचो. झोपून उठला की तो पाहायचा आणि कधी कधी खूश व्हायचा. कधी म्हणायचा, हे कोणी केलं, आणि परत सगळं खोलायचा. मी ट्रॅक्टर सोडले, जेवण दुपारी तीनला करू लागलो. बायको म्हणाली, तुम्हीही आजारी पडाल. मी तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली ते बरोबर होतं.

होळीला ड्रायव्हर आला. अंगात नवा सदरा, होळीच्या नाचात कमरेला बांधायचा घुंगरांचा पट्टा पिशवीत, तोंड भरून हसू. बरोबर त्याच्या पाड्याची दहाबारा माणसं, बायका, बोचकी. गाडी अंगणात धुऊन उभी होती. दादाने तिला हार घातला होता. मी नंदुरबारला औषधं आणायला गेलो होतो, त्या सकाळचं त्याचं काम तपासायचं राहिलं होतं. परत आलो तेव्हा माणसं वर चढलेली, इंजिन चालू, आणि दादा गाडीच्या पायरीवर उभा राहून ड्रायव्हरला काहीतरी सांगतोय. मी मोटारसायकल तशीच टाकली आणि गाडीसमोर जाऊन उभा राहिलो.

"उतरा सगळे," मी म्हटलं.

ड्रायव्हरला वाटलं मी थट्टा करतोय. मी खाली वाकलो. मागच्या चाकापाशी ब्रेकच्या ऑइलचा पाइप नुसता टेकवून ठेवला होता. त्याचा नट पोत्यावर होता, नीट पुसून, आपल्या जागी मांडलेला. वर घाटाला एका बाजूला दरी आहे. मी तो नट ड्रायव्हरच्या हातात दिला. त्याने तो पाहिला, दादाकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं. बायका बोचकी घेऊन खाली उतरू लागल्या. दादा पायरीवरून प्रत्येकीला विचारत होता, "काय व्हयनं? काय व्हयनं?" ती सगळी जीपने गेली. ड्रायव्हर जाताना दादाच्या पाया पडला. पूर्वी कधी पडला नव्हता.

त्या दिवशी मी ठरवलं की ही गाडी आता कधीच सुरू होता कामा नये. विकली तर दादाकडे काही राहत नाही. सुरू ठेवली तर कोणीतरी मरेल. मधला रस्ता मला एकच दिसला. दादा झोपला असताना मी गाडीखाली गेलो, टाकीपासून पंपाकडे जाणारा डिझेलचा पाइप सोडला, त्यात लाकडाची खुंटी ठोकली आणि पाइप परत बसवला. बाहेरून काही दिसत नाही. पूर्वीच्या दादाने तोंड न धुता ती शोधून काढली असती आणि माझ्या टाळक्यात घातली असती.

मग तो रोज गाडी सुरू करायला बसायचा. डिझेल येत नाही म्हणजे पाइपात हवा शिरली, एवढं त्याला आठवत होतं. हवा काढायला पंपावर एक छोटा दट्ट्या असतो, तो अंगठ्याने दाबत राहायचा. सकाळभर दाबायचा. अंगठ्याला फोड आला, फुटला, त्यावर त्याने चिंधी बांधली आणि परत दाबायला बसला. मी चार हातांवर ट्रॅक्टरचं काम करत असायचो आणि तो टक टक आवाज ऐकत असायचो. वाटायचं, जावं आणि खुंटी काढावी. मग घाट आठवायचा. वहिनीला मी खुंटीचं सांगितलं होतं. ती म्हणाली, "ठीक करं भाऊ तुम्ही." आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली, जी आधीच घासलेली होती.

पाऊस सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. दुपार कलली होती. टक टक थांबलं. मी वर पाहिलं तर दादा गाडीपासून उठला होता. त्याने हत्यारं पुसून डब्यात ठेवली. रॉकेलने हात धुतले, कोपरापर्यंत, नेहमीसारखे. पोतं गुंडाळलं. मग माझ्याकडे चालत आला आणि समोर उभा राहिला. इतक्या शांतपणे तो महिन्यांत बोलला नव्हता.

"भाऊ, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमनी गाडी मन्हा हातथीन व्हत नही. मी भलता प्रयत्न करा. दुसरा मिस्तरीकडे ली जा."

गिऱ्हाइकाला तो असाच सांगायचा. आयुष्यात दोनतीनदाच सांगितलं असेल. माझ्या हातात पाना होता, तो मी खाली ठेवला. मग गिऱ्हाईक विचारील तेच विचारलं. "आठे दुसरा मिस्तरी कोन शे?"

तो विचारात पडला. रस्त्याकडे पाहिलं. "मन्हा धाकला भाऊ व्हता," तो म्हणाला. "भलता चिडका. पन हात चांगला त्याना. मन्हापेक्षाबी चांगला." हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. "तो करी देता."

"मंग त्याले बलावा ना."

"तो आते येत नही आठे." दादा अजून रस्त्याकडेच पाहत होता. "काय माहीत कोठे गया. माले एकलाले सोडी गया."

वहिनी चहा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं होतं की नाही, मला कळलं नाही. ताटलीत दोन कप होते. सवयीने तिने ताटली दादापुढे धरली. त्याने ती हाताने माझ्याकडे वळवली.

"पाव्हनाले पह्यले दे," तो म्हणाला.

मी कप घेतला. दादा मी पहिला घोट घेईपर्यंत थांबला, मग त्याने आपला उचलला.